तीन मीटर इकडेतिकडे

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी.
आर्वी, आष्टी, कारंजा,
शंकूसाखळी ओढणाऱ्यांच्या मागून धुऱ्याधुऱ्यानं हिंडलो,
भावाभावांतली वीतभर जमीन नकाशावर बसवली
आणि दोघांच्याही शिव्या घरी आणल्या.
म्हणून केतकी जेव्हा म्हणाली,
"काका, चला, डबा शोधायला जाऊ,
उपग्रह सांगतो कुठं आहे ते,"
तेव्हा मी हसलो,
आणि तरी पिशवी भरली:
पाणी, चार भाकरी, जवसाची चटणी.

एसटीनं फाट्यावर सोडलं,
तिची धूळ आमच्याआधी पांदणीत शिरली.
फाल्गुनाचं ऊन नऊ वाजताच वयात आलेलं.
उलंगवाडी झालेल्या पऱ्हाटीत
कुठंकुठं एखादं बोंड, विसरल्यासारखं.
केतकी सांगत होती, याला जिओकॅशिंग म्हणतात.
कुणीतरी काहीतरी लपवतं, आकडे सोडून देतं,
दुसरं कुणी चालत येतं, उघडतं, नाव लिहितं,
एक वस्तू घेतं, एक ठेवतं,
आणि होतं तसं झाकून जातं.
"मग मिळतं काय?"
ती थोडी चालली.
"डबा मिळतो."

हरभऱ्याच्या वावरातून आडवं गेलो,
पायजम्याला आंब चिकटली.
नाल्यापलीकडे मोहाची झाडं, पानं झडलेली,
शेंड्याशेंड्याला कळ्यांचे झुबके.
फोन म्हणाला बारा मीटर.
मग नऊ. मग चौदा.
उपग्रहालाही बहुधा ऊन लागत होतं.
मुळांच्या बेचक्या पाहिल्या, दगड उलथले,
एका दगडाखाली विंचू, त्याला जसाच्या तसा झाकला.
एक दगड मात्र ओळखीचा वाटला:
हद्दीचा, कलंडलेला, चुना धुऊन गेलेला.
मी रोवलेला असेल. नसेलही.
दगडावर सही नसते.

"काय पायता जी?"
अकरा शेळ्या आणि मागून एक बाई,
डोक्यावर ओल्या टॉवेलची घडी.
केतकीनं हातानं डब्याचा आकार दाखवला.
"थो? थो त वर हाये."
आणि दुबेळक्यात हात घालून
खताच्या पोत्यात गुंडाळलेला
लोणच्याचा हिरवा डबा काढला तिनं.
"भादव्यात इथवर पानी येते नाल्याचं.
कोनाचा नवस असन, वाहून जाईन,
म्हून ठेवला वर."

आत एक वही, दोन वर्षांत तीन नावं,
एक परदेशी नाणं, शर्टाचं बटण, कंचा,
आणि तळाशी मूठभर गुंजा.
"गुंजा माह्या. कोन नेते मालूम नाई,
पन कमी होतात. मंग मी अजून टाकतो."

केतकीनं वही पुढं केली. नाव लिहा ना.
"मले कुठं येते! तूच लेय. फुलवंता कुमरे."
"तारीख?"
"कायची तारीख? मी त रोजच येतो."
केतकीनं पेन क्षणभर उचललं,
मग तारखेच्या रकान्यात लिहिलं: रोज.

मी एक गुंज घेतली.
किल्ल्यांच्या कडीतली, जुन्या साखळीची
पितळी खूण काढून डब्यात टाकली,
दहा कड्यांना एक असायची ती.
फुलवंतानं ती उलटसुलट पाहिली,
दातांखाली दाबून पाहिली, आणि झाकण लावलं.

भाकरी तिघांनी खाल्ली. चौथी शेळीनं नेली.

परतताना केतकी म्हणाली,
"जागा बदललीये, कळवायला हवं.
तीन मीटर पूर्वेला, आणि वर किती, काका?"
उंचीचा रकाना तिच्या फोनवर रिकामाच होता.
आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणालो,
राहू दे, तेवढी चूक चालते.

फाट्यावर एसटी नव्हती.
मागं वळून पाहिलं तर मोहाची झाडं एका ओळीत,
कुठलं ते, मला सांगता आलं नसतं.
शेळ्यांपैकी एकीच्या गळ्यात घंटी असावी,
तेवढी ऐकू येत होती,
कधी डावीकडून, कधी उजवीकडून.